संगणकाच्या पंख्याची घरघर

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर निफाड सोडल्यानंतर आणि येवलें येण्यापूर्वीं विंचूर हें गांव लागतें. पानिपतच्या संग्रामांत लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्यामुळें इतिहासाच्या वाचकांना या गांवाचें नांव परिचित आहे. व्यापारी जगाला तें परिचित आहे लासलगांव बाजार समितीच्या उपबाजारामुळें आणि तेथील वाइन पार्कामुळें. कांद्याचा लिलाव झाला, वजन झालें, म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं हिशोबपट्टी पडते. ही पट्टी आतां संगणकावर तयार होऊं लागली आहे. ज्या बैठकीवर पूर्वीं रोजकीर्द आणि खतावणी उघडलेली असे, तेथें आज एक लोखंडी पेटी अखंड घरघरत असते. घरांतही तोच प्रकार. मुलांचा अभ्यास, वडिलांचें टपाल, आईचे सोसायटीचे हिशोब या सर्वांसाठीं तीच पेटी खोलीच्या एका कोपऱ्यांत बसलेली आढळते.

दिवसां ट्रॅक्टरांच्या वर्दळींत ही घरघर कोणाच्या कानांत शिरत नाहीं. रात्रीं दहा वाजल्यानंतर मात्र, गांव निजलें आणि खोलींतील इतर आवाज ओसरले म्हणजे, ती असह्य वाटूं लागते. परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा कंटाळतो, शेजारच्या खाटेवरील आजोबांची झोप मोडते. मग कोणी तरी तोड काढतो: पंख्याची तार सोडवून ठेवावी, नाहीं तर पंख्याचा वेग अगदीं खालीं आणावा. त्या रात्रीं शांतता लाभतेही. परंतु पंखा ज्या कामासाठीं बसविलेला असतो तें काम त्याच्या थांबण्यानें संपत नाहीं; तें केवळ अपुरें राहतें, आणि त्याची भरपाई पुढें वैशाखाच्या उन्हांत करावी लागते. आवाज कमी व्हावा आणि यंत्रही सुरक्षित राहावें, या दोन्ही गोष्टी एकदम साधतात काय, हा खरा प्रश्न आहे. उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठीं पंख्यापेक्षां उष्णतेकडे आधीं पाहावें लागतें.

संगणकाइतकें उष्णतेच्या बाबतींत सरळ यंत्र दुसरें नाहीं. पाण्याचा पंप वीज घेतो आणि पाणी उंचावर चढवितो. म्हणजे त्या विजेचा कांहीं अंश पाण्याच्या उंचीच्या रूपानें शिल्लक राहतो. संगणक घेतो त्या विजेचें मात्र अखेर सगळें रूपांतर उष्णतेंत होतें. २०० वॅट वीज घेणारी पेटी आणि २०० वॅटची शेगडी, या दोहोंनीं खोली सारखीच तापते. हिशोब, चित्रें, अक्षरें ही सर्व त्या उष्णतेच्या वाटेवर घडलेलीं कामें होत.

हा त्रास आजचा नाहीं. अमेरिकेंत १९४६ सालीं लोकांपुढें आलेल्या एनियाक या यंत्रांत सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि तें सुमारे १५० किलोवॅट वीज खात असे. ती उष्णता बाहेर काढण्यासाठीं मोठमोठे वातक्षेपक बसवावे लागले होते. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या टिफ्रॅक या भारतीय संगणकांतही सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळ्यांची जागा पुढें सिलिकॉनच्या चकतीनें घेतली आणि कांहीं काळ हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. १९८१ सालच्या आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकांतील प्रोसेसरला स्वतःचा पंखा नव्हता. पंखा होता तो वीजपुरवठ्याच्या डब्यांत. १९९३ सालीं आलेला पहिला पेंटियम मात्र १५ वॅटच्या आसपास उष्णता टाकूं लागला, आणि प्रोसेसरच्या माथ्यावर धातूचा चुंगडा व त्यावर पंखा बसविण्याची रीत रूढ झाली. आज टेबलावरील साध्या संगणकाचा प्रोसेसर ६५ वॅटचा असतो, आणि फार बलवान् प्रोसेसर कांहीं काळ २५० वॅटपर्यंतही जातात. ही सारी उष्णता जेथें जन्मते तो सिलिकॉनचा तुकडा मात्र बोटाच्या नखाहून फारसा मोठा नसतो. अडचण आहे ती एवढ्या लहान जागेंतून एवढी उष्णता काढण्याची.

ती उष्णता बाहेर पडते तो मार्ग नीट समजून घेतला पाहिजे. सिलिकॉनच्या तुकड्यावर धातूचें झांकण असतें. त्या झांकणावर ज्याला कारागीर हीटसिंक म्हणतात तो अनेक पातळ पत्र्यांचा धातूचा ठोकळा दाबून बसविलेला असतो. दोन धातू कितीही घोटून बसविले तरी त्यांच्यामध्यें अतिसूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा भरते. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. ॲल्युमिनियम तिच्याहून हजारों पटींनीं अधिक उष्णता वाहतें, आणि तांबें ॲल्युमिनियमच्या सुमारें पावणेदोन पट. म्हणून त्या फटी भरण्यासाठीं मध्यें थर्मल पेस्टचा अगदीं पातळ लेप देतात. लेपांतून उष्णता ठोकळ्यांत जाते, ठोकळ्याच्या पत्र्यांवरून ती हवेंत उतरते, हवा ती पेटीबाहेर नेते, आणि शेवटीं ती खोलींतून निघून जाते. या सांखळींतील एक कडी जरी अडली, तरी आधींच्या सर्व कड्या तापतात. पंखा ही या सांखळीची केवळ एक कडी आहे. इतर कड्या अडलेल्या असल्या म्हणजे त्याला एकट्यालाच सर्वांचें काम ओढावें लागतें, आणि तो ओरडूं लागतो.

विंचूरच्या परिसरांतील मनुष्याला हें तत्त्व समजावून देण्यासाठीं प्रयोगशाळेंत नेण्याचें कारण नाहीं. कांदाचाळीशीं नेलें तरी पुरे. उन्हाळी कांदा महिनोन् महिने टिकावा म्हणून जी चाळ बांधतात, तिची जमीन उंचावर घेऊन खालून वारा शिरण्यास वाट ठेवलेली असते. बाजूच्या भिंती फटींच्या असतात. कांद्याचा थर फार रुंद किंवा फार उंच करीत नाहींत, कारण मध्यभागीं वारा पोंचला नाहीं तर तेथील कांदा प्रथम घाम धरतो आणि मग सडतो. चाळींत बहुधा एकही पंखा नसतो. तरीही कांदा टिकतो, कारण वाऱ्याला येण्याची आणि जाण्याची वाट मोकळी असते. संगणकाच्या पेटीची रचनाही अशीच असावी लागते. थंड हवा पुढून किंवा खालून आंत यावी, तापलेल्या भागांवरून जावी, आणि गरम होऊन मागून व वरून बाहेर पडावी. ज्या पेटींत ही वाट सरळ आहे, तेथें पंखा हळू फिरूनही भागतें.

हवा किती लागते याचा हिशोब सोपा आहे. हवेचें तापमान पेटींतून जातांना दहा अंशांहून अधिक वाढूं द्यावयाचें नसेल, तर २०० वॅट उष्णता नेण्यासाठीं दर मिनिटाला सुमारें १ घनमीटर हवा पुरते. हा आंकडा समुद्रकाठच्या मध्यम उन्हाचा झाला. विंचूर समुद्रसपाटीपासून अर्ध्या किलोमीटरहून अधिक उंचीवर आहे, आणि वैशाखांत तेथें पारा चाळिशी गाठतो. उंची आणि ऊन या दोहोंनीं हवा विरळ होते. तेव्हां तेवढीच उष्णता नेण्यासाठीं सुमारें एक-अष्टमांश अधिक हवा ढकलावी लागते. म्हणजे थंड देशांत तपासून पाहिलेला पंखा येथें थोडा अधिक राबणार, हें गृहीतच धरावें.

आतां आवाजाकडे वळावें. आवाज डेसिबल या मापानें मोजतात. हें माप पावशेर-अच्छेरासारखें सरळ वाढत नाहीं. दहा डेसिबलांची वाढ झाली म्हणजे कानाला आवाज जवळ जवळ दुप्पट वाटतो. आणि एकसारखे दोन पंखे शेजारीं चालविले तर एकूण आवाज दुप्पट न होतां अवघा ३ डेसिबलांनीं वाढतो. साधें बोलणें सुमारें ६० डेसिबलांचें असतें, रात्रींची शांत खोली ३० च्या आसपास. भारत सरकारनें २००० सालीं केलेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागांसाठीं रात्रींची मर्यादा ४५ डेसिबलांची आहे. हा नियम बाहेरच्या आवाजासाठीं असला, तरी रात्रीं कानाला कितपत शांतता हवी असते याची कल्पना त्यावरून येते.

पंख्याचा आवाज त्याच्या वेगावर कसा अवलंबून असतो, हें कळलें म्हणजे या विषयाचें अर्धें मर्म कळलें. पंख्याचा वेग निम्मा केला तर तो ढकलीत असलेली हवाही निम्मी होते. हवेचा दाब मात्र चौथाई होतो, आणि पंख्याला लागणारी शक्ति आठव्या हिश्श्यावर येते. आवाज या सर्वांहून झपाट्यानें घसरतो: वेग निम्मा झाला कीं तो सुमारें १५ डेसिबलांनीं उतरतो. वेग एक-पंचमांशानें कमी केला तरी ५ डेसिबलांचा फरक पडतो. यावरून एक उपयुक्त गोष्ट निघते. एक पंखा भरधांव चालविण्याऐवजीं तसेच दोन पंखे निम्म्या वेगानें चालविले, तर मोकळ्या वाटेंत हवा जवळ जवळ तितकीच मिळते, आणि आवाज मात्र १५ मधून ३ वजा जातां सुमारें १२ डेसिबलांनीं कमी होतो. मोठ्या पंख्याचेंही तसेंच. एकाच घडणीचे ८० मिलीमीटर आणि १२० मिलीमीटर व्यासाचे दोन पंखे घेतले, तर तितकीच हवा देण्यासाठीं मोठ्या पंख्याला लहानाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेग पुरतो. बारीक पंख्याची किरकिर आणि मोठ्या पंख्याची सुसाट झुळूक यांतला फरक येथेंच आहे.

यावरून असें मात्र समजूं नये कीं पंख्याचा प्रत्येक आवाज वेगाचाच असतो. आवाजाचे चार-पांच प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पातीं हवेला कापतात तिचा एक सूर असतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर तो सूर सेकंदाला ३५० कंपनांचा होतो. पात्यांच्या अगदीं समोर दाट जाळी अथवा तारांचा जुडगा असला, तर तोच सूर शिटीसारखा तीव्र होतो. बेअरिंग झिजलें असेल तर खरखर येते, आणि ती यंत्र सुरू करतांना अधिक जाणवते. पत्रा ढिला असेल तर थरथर येते. पेटीवर तळहात ठेवतांच ती थांबते, ही तिची खूण. जुन्या हार्ड डिस्कची घरघर पुष्कळदां पंख्याच्या माथीं मारली जाते. कोणता आवाज कोठून येतो हें ओळखण्यासाठीं कागदाची एक लांब सुरळी करून तिचें एक टोंक कानाशीं आणि दुसरें बाहेरूनच पेटीच्या निरनिराळ्या भागांशीं धरावें. वैद्य नाडी पाहिल्याखेरीज औषध देत नाहीं. येथेंही आवाज ओळखल्याशिवाय खर्च करूं नये.

आतां उष्णतेच्या मर्यादेचा विचार. बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठरविलेली असते. ती गांठतांच प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि तरीही ताप वाढला तर यंत्र एकाएकीं बंद पडतें. ही व्यवस्था प्रेशर कुकरच्या सुरक्षा-झडपेसारखी आहे. ती आहे म्हणून कुकर रोज तेथपर्यंत चढवावयाचा नसतो. सतत जड काम चालू असतां प्रोसेसर ८० ते ८५ अंशांच्या आंत राहिला तर घरगुती यंत्रास तें ठीक म्हणावें. हार्ड डिस्क याहून नाजूक असते. तिच्या निर्मात्यांनीं सामान्यतः ६० अंशांची मर्यादा सांगितलेली असते, आणि ४५ च्या आसपास ती राहिली तर उत्तम. वीजपुरवठ्याच्या डब्यांत आणि मुख्य पाटीवर जे लहान नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात त्यांच्या आंत द्रव असतो, आणि दर दहा अंशांच्या वाढीनें त्यांचें आयुष्य सुमारें निम्में होतें, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. तापलेलें यंत्र तत्काळ मरत नाहीं. तें अकालीं म्हातारें होतें. हिशोब लिहिला जात असतां तें एकाएकीं बंद पडलें, तर नुकसान यंत्राच्या किंमतीहून मोठें असतें. दिवसभराच्या पट्ट्यांची नोंद अर्धवट राहिली तर ती पुन्हां जुळवितांना व्यापाऱ्याचा आणि शेतकऱ्याचा, दोघांचाही जीव टांगणीला लागतो.

येथें विंचूर-निफाडच्या हवेची एक विशेष गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. निफाड तालुका महाराष्ट्रांतील अति थंडीच्या जागांपैकीं एक म्हणून हिंवाळ्यांत वर्तमानपत्रांत गाजतो. तेथें पहांटेचा पारा पांच अंशांच्याही खालीं गेलेला आहे. तोच तालुका एप्रिल-मेमध्यें चाळीस अंशांत भाजून निघतो. पंखा हवेला थंड करीत नाहीं. तो केवळ खोलींतील हवा यंत्रावरून फिरवितो. म्हणून ठराविक कामाला आणि ठराविक वेगाला प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षां ठराविक अंशांनीं अधिक तापतो. हा फरक जवळ जवळ कायम असतो. खोलीचा आंकडा तेवढा बदलतो.

समजा, डिसेंबरांतील एका रात्रीं खोलींत १५ अंश आहेत, आणि जड काम चालू असतां प्रोसेसर ६२ अंशांवर स्थिर आहे. फरक झाला ४७ अंशांचा. घरांतील कोणी हुशार मुलगा विचार करतो कीं, अजून पुष्कळ वाव आहे. आणि पंख्याचा वेग तो इतका उतरवितो कीं प्रोसेसर ७२ वर येतो. फरक आतां ५७ झाला. खोली शांत झाली, सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. मे महिन्यांत दुपारीं खोलीचें तापमान ४० होतें. ४० आणि ५७ मिळून ९७ होतात. आणि तापलेला सिलिकॉन स्वतःच थोडी अधिक वीज खातो, तेव्हां प्रत्यक्ष आंकडा याहूनही किंचित् वरच जातो. डिसेंबरांतील शांतता मेमध्यें यंत्राच्या गळ्याशीं येते ती अशी. म्हणून पंख्याचा वेग ठरवितांना आजचें तापमान पाहूं नये; आजचा फरक काढावा, आणि त्यांत मे महिन्यांतील आपल्या खोलीचें तापमान मिळवावें. ती बेरीज ८५ च्या आंत असेल तरच पंखा आणखी हळू करण्याचा विचार करावा.

एवढें समजल्यावर उपायांचा क्रम आपोआप ठरतो. पहिला उपाय बिनपैशाचा आहे, आणि तो जागेचा. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ कॉम्प्युटर टेबलांत पेटी ठेवण्यासाठीं तीन बाजूंनीं बंद असा खण असतो. पेटी त्यांत ठेवली म्हणजे मागून निघालेली गरम हवा खणांतच अडते, वळसा घालून पुढें येते आणि पुन्हां आंत शिरते. यंत्र आपलाच उच्छ्वास पुनः पुनः घेत राहतें. पेटी खणाबाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवली, तर एवढ्यानेंच पंखा कांहींसा निवळतो. पेटीवर भरतकामाचें आच्छादन घालण्याची हौस कांहीं घरांत असते. तें यंत्र बंद असतांना घालावें, चालू असतांना कधींही नाहीं. लॅपटॉप गादीवर किंवा रजईवर ठेवूं नये, कारण बहुतेक लॅपटॉपांचीं नाकें खालच्या बाजूस असतात. जमिनीवर पेटी ठेवली असेल तर ती एखाद्या ठेंगण्या पाटावर उचलून ठेवावी. धूळ जमिनीलगतच अधिक असते.

दुसरा उपाय स्वच्छतेचा. कांद्याच्या मोसमांत बाजाराच्या आसपास धुळीबरोबर कांद्याचे पातळ पापुद्रेही उडतात. पंखा जशी हवा ओढतो तशी ही धूळही ओढतो. ती हीटसिंकच्या पत्र्यांमध्यें नमद्यासारखी बसते, आणि तिच्यांतून ना हवा जाते ना उष्णता. पूर्वीं शांत असलेला संगणक दोन-तीन वर्षांत घरघरूं लागला, तर पुष्कळदां कारण एवढेंच असतें. वर्षांतून दोनदां तरी साफसफाई करावी. त्यासाठीं दोन मुहूर्त आपल्या पंचांगांतच आहेत. खंडेनवमीला हत्यारें स्वच्छ करून त्यांची पूजा करण्याची रीत आहे, आणि आतां संगणकालाही झेंडूचें फूल वाहिलें जातें; त्या दिवशीं त्याचें पोटही साफ व्हावें. मात्र हळदकुंकू जाळीवर टाकूं नये. दुसरी साफसफाई गुढीपाडव्याच्या सुमारास, उन्हाळा अंगावर येण्यापूर्वीं करावी.

साफ करण्याची रीत अशी: यंत्र बंद करून वीज काढावी, पेटी अंगणांत न्यावी, मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ मोकळी करावी आणि ब्लोअरनें उडवून द्यावी. वाऱ्याच्या झोतानें पंखा भिरभिरूं देऊं नये. त्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, नाहीं तर बेअरिंग बिघडतें. ओलें फडकें वापरूं नये. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानदार एस.एम.पी.एस. म्हणतात, तो घरीं कधींही उघडूं नये. वीज काढल्यानंतरही त्यांतील कपॅसिटरांत जिवावर बेतण्याइतका विद्युत्‌भार कांहीं काळ राहूं शकतो. त्याचा पंखा खरखरत असेल तर तें काम जाणत्या कारागिराचें.

तिसरा उपाय लेपाचा. थर्मल पेस्ट कांहीं वर्षांनीं सुकते आणि तिला तडे जातात. धूळ काढूनही प्रोसेसरचा ताप उतरला नाहीं, तर जुनी पेस्ट पुसून नवी लावून घ्यावी. वाटाण्याएवढा थेंब पुष्कळ होतो. अधिक लेप म्हणजे अधिक थंडावा ही समजूत चुकीची आहे. लेप हा फटी भरण्यापुरताच असतो, जाड झाला तर तो स्वतःच आडकाठी होतो.

चौथा उपाय पंख्यांचा. हा चौथा आहे, पहिला नव्हे, हें लक्षांत ठेवावें. वाट मोकळी झाल्यावरही आवाज खटकत असेल, तर लहान पंख्याच्या जागीं मोठा, किंवा एकाच्या जागीं दोन मंद पंखे बसवावे. झिजलेल्या बेअरिंगचा पंखा सरळ बदलावा. आंत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षां थोडी अधिक ठेवली, आणि येण्याच्या तोंडाशीं धुता येणारी जाळी बसविली, तर फटींफटींतून धूळ आंत शिरत नाहीं. विंचूरसारख्या धुळीच्या गांवीं ही योजना फार उपकारक आहे. मात्र जाळी महिन्यांतून एकदां धुतली पाहिजे, नाहीं तर औषधच रोग होतें. पंखा बसवितांना त्याच्या स्क्रूंना रबराच्या चकत्या लावल्या तर पत्र्याची थरथर थांबते.

पांचवा उपाय वेगाच्या नियमनाचा. आजच्या पंख्यांना बहुधा चार तारा असतात: दोन विजेच्या, एक पंखा किती फेरे घेतो तें कळविणारी, आणि एक त्याला किती वेगानें फिरावें तें सांगणारी. यंत्राच्या बायॉसमध्यें तापमानाप्रमाणें वेग ठरविण्याची सोय असते. येथें एक मानसशास्त्राची गोष्ट उपयोगीं पडते. कान स्थिर आवाजाला लवकर सरावतो. क्षणोक्षणीं चढणाऱ्या-उतरणाऱ्या आवाजाला मात्र सरावत नाहीं. प्रोसेसरचा ताप एखादें पान उघडतांच क्षणभर उसळतो आणि पंखा लगेच धांवूं लागतो. तोंवर ताप उतरलेलाही असतो. या धांवपळीची गरज नाहीं. अर्धा किलो ॲल्युमिनियमचा हीटसिंक एक अंश तापण्यासाठीं सुमारें ४५० जूल उष्णता गिळतो. म्हणजे ६० वॅटचा भार आला, आणि हवेनें कांहींच नेलें नाहीं असें धरलें, तरीही एक अंश वाढण्यास सात-आठ सेकंद लागतात. तेव्हां बायॉसमध्यें पंख्याला कांहीं सेकंद थांबून मग वेग बदलण्यास सांगावें, आणि वेगाची चढण हळू हळू ठेवावी. वरच्या टोंकाला मात्र हात लावूं नये: ८० अंशांच्या पुढें पंख्यानें पूर्ण वेग घ्यावा, ही मोकळीक त्याला नेहमीं असावी. उन्हाळ्यांतील दुपारीं तो ओरडला तर त्याला ओरडूं द्यावें.

सहावा उपाय उष्णतेच्या उगमाशीं जातो. प्रोसेसर खातो ती वीज त्याच्या कंपनवेगाच्या प्रमाणांत आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दाब आणि वेग हे दोन्ही दहा टक्क्यांनीं कमी केले, तर वेगाशीं निगडित अशी वीज सुमारें २७ टक्क्यांनीं घटते. काम मात्र फार तर दहा टक्के मंदावतें. विंडोज प्रणालींतील विजेच्या योजनेंत प्रोसेसरची कमाल पातळी १०० वरून ९९ टक्के केली असतां पुष्कळ यंत्रांत 'टर्बो' म्हणून जी तात्पुरती धांव असते ती थांबते, आणि पंखा एकदम निवळतो. हिशोबपट्टी, पत्रलेखन, वाचन या कामांत हा फरक कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. केवळ अशाच कामांसाठीं नवें यंत्र घ्यावयाचें असेल, तर थोड्याच वॅटवर चालणारें बिनपंख्याचें लहान यंत्र पाहावें. फोनला पंखा नसतो तो याच कारणानें. धुळीच्या गांवीं ज्या यंत्राला श्वासच घ्यावा लागत नाहीं तें यंत्र दीर्घायुषी ठरण्याचा संभव अधिक. तेंही मात्र मोकळ्या हवेंत ठेवलें पाहिजे.

पाण्यानें थंड करण्याच्या योजनांविषयीं पुष्कळांना कुतूहल असतें. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत २०१९ सालीं सी-डॅकनें उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकांत पाणी खेळवून उष्णता काढलेली आहे. वाइनच्या कारखान्यांतही आंबणाऱ्या रसाचा ताप काबूंत ठेवण्यासाठीं टाक्यांच्या भोंवतीं गार द्रव खेळवितात, तत्त्व तेंच. ठराविक आकाराच्या हवेपेक्षां तेवढेंच पाणी कित्येक पटींनीं उष्णता उचलून नेतें. परंतु घरगुती यंत्रांत तें पाणी पुन्हां थंड करावें लागतें पंख्यांनींच, आणि शिवाय पंपाची एक नवी गुणगुण घरांत येते. सामान्य घराला त्याची आवश्यकता नाहीं.

कांहीं उपाय टाळावे असे आहेत. पेटीला आंतून जाड स्पंज चिकटविल्यानें आवाज थोडा दबतो, पण उष्णताही दबते. पेटीचें एक दार कायमचें उघडें ठेवल्यानें ताप कधीं उतरतो, कधीं वाऱ्याची नेमलेली वाट मोडून वाढतोही. धूळ, पाली आणि लहान मुलांचीं बोटें मात्र हमखास आंत जातात. पाण्याचा कूलर खोलींत लावल्यास यंत्रालाही बरें वाटतें, परंतु त्याच्या तुषारांचा झोत पेटीवर येऊं देऊं नये.

अखेरची परीक्षा प्रत्येक घराला स्वतः करतां येण्यासारखी आहे. खोलींत एक साधा तापमापक टांगावा. यंत्राला अर्धा तास जड काम द्यावें आणि तापमान दाखविणाऱ्या एखाद्या प्रणालीवर प्रोसेसरचा स्थिर झालेला आंकडा पाहावा. त्यांतून खोलीचें तापमान वजा करून येणारा फरक पेटीच्या बाजूवर पेन्सिलीनें तारखेसह लिहून ठेवावा. दर सहा महिन्यांनीं तोच प्रयोग करावा. फरक वाढला असेल तर कोठें तरी वाट अडली आहे. ती मोकळी करावी, आणि पंख्याचा वेग त्यानंतर ठरवावा. हा फरक जितका कमी ठेवतां येईल, तितका पंखा हळू चालवितां येतो. मग रात्रीं अभ्यास करणाऱ्या मुलाला आणि शेजारीं झोंपलेल्या आजोबांना शांतता मिळते, आणि मे महिन्यांतल्या भर दुपारीं लिलाव चालू असतांनाही हिशोबपट्टी अर्धवट राहत नाहीं.